इस्रायल : युद्ध, आठवणी आणि बातम्या (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

७ ऑक्टोबर २०२३ ला गाझातल्या हमास या पॅलेस्टिनी संघटनेने इस्रायलवर हल्ला केला. त्यानंतर इस्रायलबद्दल मराठीत भरपूर लिहिलं गेलं. त्यातलं बहुतेक रणगाडे, क्षेपणास्त्रं आणि मोसादबद्दल होतं. तिथली माणसं युद्धासोबत कशी जगतात, गेलेल्यांची आठवण कशी काढतात, रात्रीच्या बातम्यांत त्यांना काय दिसतं आणि काय दिसत नाही, याबद्दल मात्र फारच थोडं वाचायला मिळालं. या विषयावर लोक पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरांत जिथे मत आहे तिथे ते माझं आहे आणि ते मी झाकून ठेवलेलं नाही.

इस्रायलमध्ये प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी सैन्यात असतं, हे खरं का?

प्रत्येक घरातलं नाही, पण बहुतेक ज्यू घरांतलं असतं. अठरावं वर्ष पूर्ण झालं की मुलं साधारण अडीच-पावणेतीन वर्षं आणि मुली दोन वर्षं सैन्यात जातात. तिथून सुटल्यावरही चाळिशीपर्यंत राखीव सैनिक म्हणून बोलावणं येऊ शकतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये काही दिवसांतच तीन लाखांहून जास्त राखीव सैनिकांना बोलावलं गेलं. दुकानदार, संगणक अभियंते, शाळेतले शिक्षक, सगळे एकाच आठवड्यात गणवेशात गेले.

यातून बाहेर असलेले दोन मोठे गट आहेत. लोकसंख्येचा सुमारे पाचवा हिस्सा असलेल्या अरब नागरिकांना सक्तीची भरती लागू केली जात नाही. त्यांच्यातल्या द्रुझ समाजाच्या पुरुषांना मात्र ती १९५६ पासून आहे. दुसरा गट कर्मठ हरेदी ज्यूंचा. धर्मपाठशाळांत शिकणाऱ्या सुमारे चारशे तरुणांना १९४८ मध्ये पहिले पंतप्रधान बेन गुरियन यांनी सूट दिली होती. आज ती संख्या हजारोंच्या घरात गेली आहे. २५ जून २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की या सवलतीला आता कायद्याचा आधार उरलेला नाही. ज्यांची मुलं तिसऱ्यांदा-चौथ्यांदा गाझात जात होती, त्या घरांमध्ये या प्रश्नावरून किती चीड आहे, हे बाहेरून लक्षात येत नाही.

भरतीचा बातम्यांशी थेट संबंध आहे. आघाडीवरची बातमी सांगणाऱ्या निवेदकाचा स्वतःचा मुलगा त्याच आघाडीवर असू शकतो. सैनिक मेला की अधिकारी आधी घरी जाऊन कुटुंबाला कळवतात, मगच नाव जाहीर होतं. ‘प्रसिद्धीस परवानगी मिळाली आहे’ या शब्दांनी ती बातमी सुरू होते. ते शब्द कानावर पडताच घराघरांत काळजात धस्स होतं, कारण पुढे नाव, वय आणि गाव येणार हे सगळ्यांना ठाऊक असतं.

भोंगा वाजला की सगळा देश थांबतो म्हणतात. नेमकं काय होतं?

असे दोन दिवस आहेत आणि ते साधारण आठवड्याच्या अंतराने येतात. पहिला होलोकॉस्टचा, म्हणजे नाझींनी केलेल्या साठ लाख ज्यूंच्या संहाराचा स्मृतिदिन, हिब्रू पंचांगातल्या निसान महिन्याची २७ तारीख. दुसरा युद्धांत पडलेल्या सैनिकांचा, पुढच्या इयार महिन्याची ४ तारीख. हे दिवस तिथीने ठरतात, त्यामुळे इंग्रजी तारखा दरवर्षी बदलतात. होलोकॉस्टच्या दिवशी सकाळी दहाला दोन मिनिटं भोंगा वाजतो. सैनिकांच्या दिवसाची सुरुवात आदल्या संध्याकाळी आठला एक मिनिटाच्या भोंग्याने होते आणि सकाळी अकराला पुन्हा दोन मिनिटं.

तेल अवीवमधून जाणारा अयालोन महामार्ग एरवी गाड्यांनी गच्च भरलेला असतो. भोंगा सुरू झाला की गाड्या आपापल्या लेनमध्येच थांबतात, दारं उघडतात, माणसं बाहेर येऊन गाडीशेजारी हात खाली सोडून उभी राहतात. बसमधले प्रवासी उतरतात. बाजारात हातात पिशवी धरलेली बाई तशीच थांबते. आवाज विरला की कोणी काही न बोलता गाडीत बसतं आणि रस्ता वाहायला लागतो. दिवसभर रेडिओवर संथ, उदास गाणी असतात. एका वाहिनीवर चोवीस तास फक्त नावं येत राहतात, एकेक नाव काही क्षण पडद्यावर. ही यादी १८६० पासून मोजली जाते, म्हणजे देश जन्माला यायच्या पाऊणशेहून जास्त वर्षं आधीपासून, आणि ती २५ हजारांच्या पुढे गेली आहे.

त्याच संध्याकाळी जेरुसलेमच्या हर्झल टेकडीवर अर्ध्यावर उतरवलेला झेंडा पुन्हा वर चढतो, बारा मशाली पेटतात आणि स्वातंत्र्यदिन सुरू होतो. दुखवटा आणि जल्लोष यांच्यामध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. मुलगा गमावलेल्या आईबापांना हीच घटका सगळ्यांत जड जाते, हे ते अनेकदा सांगतात. पण हे दोन दिवस जाणूनबुजून जोडलेले आहेत. स्वातंत्र्य या थडग्यांवर उभं आहे, हे प्रत्येक पिढीला शरीराने अनुभवायला लावणारी ही रचना आहे. माझ्या मते इस्रायली राष्ट्रवादाचं सगळ्यांत ताकदवान साधन कुठलं असेल तर ते हेच चोवीस तास.

लष्करी दफनभूमीत सगळ्या थडग्यांचे दगड एकसारखे असतात. सेनापती असो की नवखा शिपाई, उंची तीच, अक्षरं तीच. १९९० च्या दशकात काही आईवडिलांनी यालाच हरकत घेतली. आमचं मूल सरकारी मजकुरात मावत नाही, आम्हाला दोन शब्द आमचे कोरू द्या, अशी त्यांची मागणी होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि कुटुंबांना ती मुभा मिळाली. गेलेला मुलगा देशाचा की घरचा, हा वाद तिथे तेव्हापासून उघडपणे चालू आहे.

होलोकॉस्टची आठवण पहिल्यापासून इतकी केंद्रस्थानी होती का?

नव्हती. १९५० च्या दशकात छळछावण्यांतून वाचून आलेले लाखो लोक इस्रायलमध्ये होते, पण त्यांच्याकडून कोणी फारसं ऐकून घेत नव्हतं. नव्या देशाला लढवय्ये हवे होते. त्यामुळे वॉर्साच्या ज्यू वस्तीत नाझींविरुद्ध झालेल्या उठावाचा गौरव व्हायचा. त्या दिवसाच्या अधिकृत नावात ‘होलोकॉस्ट’सोबत ‘शौर्य’ हा शब्द आहे तो याच कारणाने. बाकीचे साठ लाख ‘लढले का नाहीत’ असा प्रश्न कुजबुजत विचारला जायचा. वाचलेली माणसं मूग गिळून बसली होती.

हे बदललं १९६१ मध्ये, आइशमन खटल्याने. अर्जेंटिनातून पकडून आणलेल्या या नाझी अधिकाऱ्यावर ११ एप्रिलपासून जेरुसलेममध्ये खटला चालला. देशात टेलिव्हिजन नव्हता, तो १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात आला. लोकांनी खटला रेडिओवर ऐकला: बसमध्ये, वाण्याच्या दुकानात, चहाकॉफीच्या टपरीवर, शाळेच्या वर्गात. सरकारी वकील गिडॉन हाउसनर यांनी कागदपत्रांवर न थांबता शंभराहून जास्त साक्षीदार उभे केले. आउश्वित्झच्या छळछावणीतून वाचलेला एक साक्षीदार बोलता बोलता तिथेच बेशुद्ध पडला. वर्षानुवर्षं शेजारी राहणाऱ्या अबोल माणसाने काय भोगलं, हे शेजाऱ्यांना पहिल्यांदाच रेडिओमधून कळलं.

यानंतर प्रत्येक युद्ध त्या आठवणीच्या उजेडात पाहिलं गेलं. मे १९६७ मध्ये युद्धाची वाट पाहताना तेल अवीवच्या बागांत सामुदायिक दफनासाठी जागा राखून ठेवल्या होत्या. १९८२ मध्ये इस्रायलने लेबनॉनची राजधानी बेरूतला वेढा घातला असताना पंतप्रधान बेगिन यांनी अमेरिकेच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात पॅलेस्टिनी नेते अराफत यांच्या बेरूतची तुलना हिटलरच्या बर्लिनशी केली. भीती खरी आहे आणि तिचं कारण इतिहासात आहे, याबद्दल मला शंका नाही. पण प्रत्येक शत्रूला हिटलर ठरवलं की वाटाघाटींना जागाच उरत नाही, आणि मेलेल्यांच्या आठवणीचा वापर जिवंतांना गप्प करण्यासाठी होऊ लागतो. हे इस्रायलमधल्याच अनेक इतिहासकारांनी आणि वाचलेल्यांनीही ठणकावून सांगितलं आहे.

१९६७ चा विजय आणि १९७३ चा धक्का, यातलं जास्त खोल काय गेलं?

धक्का.

७ जून १९६७ ला, सहा दिवसांच्या युद्धात, ‘टेम्पल माउंट (जेरुसलेममधली ज्यूंची सगळ्यांत पवित्र टेकडी) आपल्या हातात आहे’ हा सेनाधिकारी मोत्ता गूर यांचा बिनतारी संदेश रेडिओवर ऐकू आला. तो आवाज आजही ज्यू इस्रायलींना पाठ आहे. त्या विजयाने आत्मविश्वास दिला आणि वेस्ट बँक व गाझाचा ताबाही. त्या ताब्याचा गुंता अजून सुटलेला नाही.

सहा वर्षांनी, ६ ऑक्टोबर १९७३ ला, योम किप्पूर, म्हणजे ज्यूंचा उपासाचा आणि प्रायश्चित्ताचा सगळ्यांत पवित्र दिवस होता. त्या दिवशी रेडिओ बंद असतो, रस्ते ओस असतात. दुपारी दोनच्या सुमारास भोंगे वाजले, गप्प असलेला रेडिओ बोलू लागला आणि राखीव तुकड्यांची सांकेतिक नावं वाचली जाऊ लागली. इजिप्त आणि सीरिया एकाच वेळी चालून आले होते. तीन आठवड्यांत अडीच हजारांहून जास्त इस्रायली सैनिक मेले. हल्ला होणारच नाही, अशी गुप्तचर प्रमुखांची पक्की समजूत होती आणि बहुतेक संपादकही त्यांच्यावर विसंबून होते.

युद्धानंतर मोत्ती अश्कनाझी नावाचा राखीव दलाचा अधिकारी पंतप्रधान कार्यालयाबाहेर एकटाच फलक घेऊन बसला. सुएझ कालव्यावरची त्याची चौकी शेवटपर्यंत टिकली होती. हळूहळू त्याच्याभोवती हजारो लोक जमले. चौकशीसाठी नेमलेल्या आग्रानात आयोगाने ठपका लष्करावर ठेवला, राजकारण्यांना सोडलं. लोकांनी मात्र सोडलं नाही. एप्रिल १९७४ मध्ये पंतप्रधान गोल्डा मेयर यांनी राजीनामा दिला आणि १९७७ मध्ये मजूर पक्षाची जवळपास तीस वर्षांची सत्ता गेली. ‘आपल्याला सगळं माहीत आहे’ असं म्हणणाऱ्या सेनापतीकडे इस्रायली पत्रकार संशयाने पाहायला शिकले, ते तेव्हापासून.

लष्करी सेन्सॉर म्हणजे काय? लोकशाहीत हे चालतं कसं?

ब्रिटिशांच्या १९४५ च्या आणीबाणी नियमांवर ही व्यवस्था उभी आहे. गुप्तचर संस्था, शस्त्रास्त्रं, चालू मोहिमा यांबद्दलचा मजकूर छापण्याआधी सेन्सॉरला दाखवावा लागतो. वर्षानुवर्षं संपादकांची समिती आणि लष्कर यांच्यातल्या समझोत्यावर हे चाललं. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेन्सॉरचे हात बांधले: देशाच्या सुरक्षेला खरोखर इजा होण्याची जवळपास खात्री असेल तरच बातमी रोखता येईल, एखाद्या अधिकाऱ्याची नाचक्की होते म्हणून रोखता येणार नाही.

वाचकांच्या ओळखीची पळवाट म्हणजे ‘परदेशी वृत्तांनुसार’. इस्रायलच्या अण्वस्त्रांबद्दल तिथले पत्रकार असंच लिहितात. सीरियातली अणुभट्टी २००७ मध्ये उडवली गेली, हे जगाला ठाऊक होतं, पण इस्रायलने अधिकृतपणे मान्य केलं ते मार्च २०१८ मध्ये.

क्षेपणास्त्र नेमकं कुठे पडलं ते दाखवू नका, शत्रू नेम सुधारतो, हा नियम १९९१ च्या आखाती युद्धापासून लोकांच्या अंगवळणी पडला आहे. मुंबईकरांना हे पटकन समजेल. २६/११ ला वाहिन्यांनी कमांडोंच्या हालचाली थेट दाखवल्या आणि त्या पाकिस्तानात बसलेले सूत्रधार पाहत होते. कसाब खटल्याच्या निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यावरून वाहिन्यांना खडसावलं होतं. अशी बंधनं मला योग्यच वाटतात. अडचण तेव्हा होते, जेव्हा त्याच पडद्याआड गुन्हा लपवला जातो.

असा गुन्हा लपवल्याचं उदाहरण आहे का? आणि पत्रकारांनी कधी सरकारला अडचणीत आणलंय का?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर हो.

२९ ऑक्टोबर १९५६, इजिप्तविरुद्धच्या सिनाई युद्धाचा पहिला दिवस. कफ्र कासिम या इस्रायलमधल्या अरब गावात संचारबंदी अचानक संध्याकाळी पाचवर आणली गेली. शेतात आणि खाणीत कामाला गेलेल्यांना ते माहीतच नव्हतं. सायकलवरून, गाडीतून, पायी घरी परतणाऱ्यांना सीमा पोलिसांनी गावाच्या तोंडाशी उभं करून गोळ्या घातल्या. ४९ जण मेले. त्यात बायका होत्या, मुलं होती. बातमीवर बंदी होती. कम्युनिस्ट खासदार तौफिक तुबी आणि मेयर विल्नर यांनी गावात शिरून माहिती गोळा केली आणि ती बाहेर आणली. पुढे न्यायालयाने म्हटलं की काही आदेशांवर बेकायदापणाचा काळा झेंडाच फडकत असतो आणि असा आदेश पाळणं हाच गुन्हा. हे वाक्य आजही इस्रायली सैनिकांना शिकवतात. शिक्षा झालेले मात्र काही वर्षांतच सुटले.

सप्टेंबर १९८२ मध्ये बेरूतच्या सब्रा आणि शतिला छावण्यांत इस्रायलच्या मित्र असलेल्या लेबनानी टोळ्यांनी पॅलेस्टिनींची कत्तल केली. टेलिव्हिजनचे युद्धवार्ताहर रॉन बेन यिशाई यांना अधिकाऱ्यांकडून कुणकुण लागताच त्यांनी रात्री थेट संरक्षणमंत्री एरियल शेरॉन यांना फोन लावला. काही दिवसांनी तेल अवीवच्या चौकात प्रचंड मोर्चा जमला. चौकशीसाठी नेमलेल्या काहान आयोगाने इस्रायलला अप्रत्यक्षपणे आणि शेरॉन यांना व्यक्तिशः जबाबदार धरलं आणि त्यांना संरक्षण खातं सोडावं लागलं. स्वतःच्या सैन्याच्या नजरेसमोर परक्यांची हत्या झाली म्हणून लोक रस्त्यावर उतरले, हे त्या समाजाबद्दल बरंच सांगून जातं.

१९८४ मध्ये ३०० क्रमांकाच्या बसचं अपहरण झालं. चारही पॅलेस्टिनी अपहरणकर्ते कारवाईत मेल्याचं लष्कराने सांगितलं. छायाचित्रकार अॅलेक्स लेवाक यांच्या फोटोत मात्र त्यातला एक जण धडधाकट, दोघांच्या मध्ये चालत जाताना दिसत होता. पकडल्यानंतर दोघांना ठार केलं गेलं होतं. सेन्सॉरला न विचारता बातमी दिली म्हणून ‘हदाशोत’ हे दैनिक काही दिवस बंद ठेवायला लावलं. शेवटी अंतर्गत गुप्तचर संस्थेच्या प्रमुखाला जावं लागलं.

कधी हे काम आयांनीही केलं आहे. फेब्रुवारी १९९७ मध्ये लेबनॉनकडे निघालेली दोन हेलिकॉप्टरं एकमेकांवर आदळून ७३ सैनिक मेले. त्यानंतर उत्तरेकडच्या काही आयांनी ‘चार आया’ ही चळवळ सुरू केली: आमची मुलं लेबनॉनमध्ये नेमकी कशासाठी आहेत? सेनापतींनी आधी त्यांना हिणवलं. मे २००० मध्ये सैन्य परत आलं.

मग गाझातली माणसं इस्रायली टीव्हीवर का दिसत नाहीत?

या पानावरचा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न हा आहे.

१६ जानेवारी २००९. गाझात युद्ध चालू होतं. इझेल्दिन अबू अल-ऐश हे गाझातले डॉक्टर इस्रायली रुग्णालयात काम केलेले, उत्तम हिब्रू बोलणारे. चॅनल १० चे वार्ताहर श्लोमी एल्दार स्टुडिओत थेट प्रक्षेपणात बसले होते आणि त्यांचा फोन वाजला. डॉक्टरांच्या घरावर नुकताच तोफगोळा पडला होता. त्यांच्या तीन मुली आणि एक पुतणी मेल्या होत्या. एल्दार यांनी फोन कॅमेऱ्यासमोर धरला आणि काही मिनिटं सगळ्या देशाने एका बापाचा आक्रोश ऐकला. वार्ताहराला पुढे बोलवेना. तो तिथून उठून गेला आणि जखमींसाठी सीमा उघडून रुग्णवाहिका मिळवायच्या खटपटीला लागला. दोन दिवसांनी युद्धविराम झाला. त्याचं श्रेय एका फोनला देता येणार नाही, पण त्या रात्री ‘पलीकडचे’ लोक काही मिनिटं माणसं म्हणून ऐकू आले.

असे क्षण विरळाच. ऑक्टोबर २०२३ नंतर तर मुख्य वाहिन्यांवर गाझातल्या नागरिकांचे हाल जवळपास दिसलेच नाहीत. गाझाच्या आरोग्य मंत्रालयाच्या मोजणीनुसार ऑक्टोबर २०२५ पर्यंत ६७ हजारांहून जास्त लोक मेले. या मोजणीत लढणारे आणि नागरिक वेगळे केलेले नाहीत. जगभर जी दृश्यं रोज दिसत होती, ती इस्रायली घरातल्या आठच्या बातम्यांत नव्हती. तिथे निवृत्त सेनापती नकाशावर बाण काढत होते.

याला कारणं अनेक आहेत. इस्रायली पत्रकारांना २००६ पासून गाझात स्वतःहून जाता येत नाही, आणि २०२३ नंतर परदेशी पत्रकारांनाही फक्त लष्करासोबत नेलं गेलं. आत राहिले ते गाझातले पत्रकार, आणि त्यांच्यातले इतके मारले गेले की पत्रकार संरक्षण समितीने १९९२ पासूनच्या आपल्या नोंदींत इतका जीवघेणा संघर्ष पाहिला नाही. मे २०२४ मध्ये अल जझीराचं इस्रायलमधलं कार्यालय बंद केलं गेलं. सरकारला न रुचणारं लिहिणाऱ्या ‘हारेत्झ’ या दैनिकाशी सरकारी खात्यांनी संबंध तोडावेत, असा ठराव नोव्हेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने केला.

पण सगळं सरकारवर ढकलून चालणार नाही. सेन्सॉरने उपाशी मुलांचे फोटो दाखवायला बंदी घातलेली नव्हती. वाहिन्यांनी स्वतःच ठरवलं की ७ ऑक्टोबरच्या जखमेने कळवळणारा प्रेक्षक हे पाहणार नाही, चॅनल बदलेल. दुःखात असलेल्या माणसाला दुसऱ्याचं दुःख दाखवणं कठीण असतं, हे मला समजतं. तरीही पत्रकाराचं काम तेच आहे. आपल्या नावाने काय केलं जातंय हे नागरिकाला कळलंच नाही, तर तो मत तरी कशाच्या आधारावर देणार? आणि मग जग रागावलेलं दिसतं तेव्हा त्याला त्यात फक्त ज्यूद्वेष दिसतो. ज्यूद्वेष आहेही, खूपसा आहे; पण प्रत्येक वेळी तेवढंच कारण नसतं.

ओलिसांचा प्रश्न इतका जिव्हाळ्याचा का झाला?

‘आपल्या माणसाला मागे सोडायचं नाही’ हा तिथे घराघरांतला नियम आहे. १९८६ मध्ये लेबनॉनमध्ये हाती लागलेला वैमानिक रॉन अराद परत आलाच नाही. त्याची टोचणी आजही आहे. जून २००६ मध्ये पकडलेल्या गिलाद शालित या सैनिकाच्या सुटकेसाठी २०११ मध्ये १,०२७ कैदी सोडले गेले. त्यात याह्या सिनवारही होता, ज्याने पुढे ७ ऑक्टोबरचा हल्ला घडवला.

त्या दिवशी सुमारे १,२०० लोक मारले गेले आणि २५१ जणांना गाझात नेलं. तेल अवीवच्या कला संग्रहालयासमोरच्या पटांगणाला ‘ओलिसांचा चौक’ असंच नाव पडलं. तिथे लांबलचक जेवणाचं टेबल मांडलं होतं, खुर्च्या रिकाम्या. रेचल गोल्डबर्ग-पोलिन रोज सकाळी चिकटपट्टीच्या तुकड्यावर दिवसाचा आकडा लिहून छातीवर लावायच्या. त्यांचा मुलगा हेर्श ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस आणखी पाच जणांसह भुयारात मारला गेला. त्याच्या बातमीनंतर लाखो लोक रस्त्यावर आले. कुटुंबं दररोज स्टुडिओत जाऊन बसायची, कारण कॅमेरा हटला की सरकार विसरेल, ही त्यांना भीती होती. ‘करार करा’ म्हणणाऱ्या याच कुटुंबांना सत्ताधाऱ्यांच्या समर्थकांनी रस्त्यात शिव्याही घातल्या. जिवंत असलेले शेवटचे वीस जण १३ ऑक्टोबर २०२५ ला परतले.

७ ऑक्टोबरच्या आठवणीवरून इस्रायलमध्येच भांडण का आहे?

कारण त्या सकाळी सरकार कुठे होतं, हा प्रश्न अजून उघडा आहे. १९९१ नंतर बांधलेल्या घरांत काँक्रीटची एक सुरक्षित खोली असते, ती क्षेपणास्त्रांपासून वाचण्यासाठी. तिचं दार आतून कुलूपबंद होईल असं केलेलंच नव्हतं. गाझालगतच्या बेरी, नीर ओझ, कफर अझा या वसाहतींत लोक तासन् तास दाराची मूठ हाताने धरून उभे होते आणि दुसऱ्या हाताने वाहिन्यांना फोन करत होते: ते घरात शिरलेत, सैन्य कुठे आहे? निवेदकांकडे उत्तर नव्हतं. नीर ओझमध्ये दर चौघांतला एक जण मारला गेला किंवा पळवला गेला.

हल्ल्याच्या पहिल्या वर्षपूर्तीला, २०२४ मध्ये, दोन कार्यक्रम झाले. सरकारचा आधीच चित्रित केलेला, प्रेक्षकांविना. कुटुंबांचा तेल अवीवच्या यार्कोन बागेत. त्याआधी त्याच वर्षीच्या स्वातंत्र्यदिनाला काही कुटुंबांनी बिन्यामिना इथे मशाली पेटवण्याऐवजी विझवल्या होत्या. सरकारने युद्धाचं नावही बदलून ‘पुनरुत्थानाचं युद्ध’ केलं. ज्यांची माणसं गेली त्यांतल्या अनेकांना हे पचलेलं नाही. त्यांची मागणी साधी आहे: १९७३ नंतर झाली तशी स्वतंत्र राष्ट्रीय चौकशी. नेतान्याहू सरकार ती टाळत आलं आहे.

अरब नागरिक भोंग्याच्या वेळी काय करतात?

कोणी उभं राहतं, कोणी घरातून बाहेर पडत नाही, कोणी चालत राहतं आणि लोकांच्या नजरा झेलतं. इस्रायलचा स्वातंत्र्यदिन म्हणजे त्यांच्यासाठी नकबा: १९४८ मध्ये सात लाखांच्या आसपास पॅलेस्टिनी घरं सोडून पळाले किंवा हाकलले गेले आणि त्यांना परतू दिलं नाही. तो दिवस शोकदिन म्हणून पाळणाऱ्या संस्थांचं सरकारी अनुदान कापता येईल, असा कायदा २०११ मध्ये झाला. हा कायदा मला अन्यायाचा वाटतो. कुणाचं सुतक कायद्याने संपत नाही.

दोन्हीकडचे लोक कधी एकत्र शोक करतात का?

करतात, थोडेच, पण नेटाने. हमासने ज्याच्या मुलाला १९९४ मध्ये मारलं त्या यित्झाक फ्रँकेन्थाल यांनी १९९५ मध्ये मूल, भाऊ, आईबाप गमावलेल्या इस्रायली आणि पॅलेस्टिनी कुटुंबांना एकत्र आणणारी संघटना सुरू केली. २००६ पासून सैनिकांच्या स्मृतिदिनी दोन्हीकडच्यांचा एकत्र कार्यक्रम होतो. पॅलेस्टिनींना परवाने नाकारले गेले तेव्हा आयोजक न्यायालयात गेले. २०२५ मध्ये रानाना इथे एका प्रार्थनास्थळात त्याचं प्रक्षेपण पाहणाऱ्यांवर उजव्या गटांच्या जमावाने हल्ला केला. तरी कार्यक्रम थांबलेला नाही.

कोकणातून गेलेले बेने इस्रायल ज्यू या सगळ्यात कुठे बसतात?

पेणकर, रोहेकर, किहीमकर अशा आडनावांची ही माणसं दिमोना, अश्दोद, लोद, बीरशेबा इथे आहेत. ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक त्यांनी तिथे चालवलं. त्यांच्या घरच्या आठवणींत छळछावण्या नाहीत. रायगडच्या गावांत शेजाऱ्यांनी त्यांना धर्मावरून त्रास दिला नाही, हे ते आवर्जून सांगतात. उलट तिथे पोहोचल्यावर धर्मपीठाने त्यांच्या लग्नांवर शंका घेतली, म्हणून त्यांना आंदोलन करावं लागलं आणि १९६४ मध्ये संसदेने ते पूर्ण ज्यू असल्याचं सांगितलं. त्यांची नातवंडं आज शाळेत होलोकॉस्ट शिकतात, सैन्यात जातात, आणि स्मृतिदिनाच्या यादीत त्यांचीही नावं आहेत.

नोव्हेंबर २००८ मध्ये कुलाब्याच्या नरिमन हाउस या ज्यू केंद्रावर हल्ला झाला, तेव्हा इस्रायलने मुंबई तासातासाने पाहिली. आईबाप गमावलेल्या दोन वर्षांच्या मोशेला कडेवर घेऊन बाहेर पडलेल्या, त्याला सांभाळणाऱ्या सँड्रा सॅम्युअल यांचं नाव तिथे आजही आदराने घेतलं जातं.

बातम्या कुठे वाचाव्यात?

‘हारेत्झ’ डावीकडे झुकतं आणि गाझातल्या माणसांबद्दल सातत्याने लिहितं. ‘येदिओत अहरोनोत’ मध्यावर. २००७ मध्ये सुरू झालेलं फुकट दैनिक ‘इस्रायल हायोम’ उजवीकडे, आणि चॅनल १४ उघडपणे नेतान्याहूंच्या बाजूचं. चॅनल १२ सर्वाधिक पाहिलं जातं. ‘कान’ ही सार्वजनिक प्रसारण संस्था आहे. ‘टाइम्स ऑफ इस्रायल’ इंग्रजीत रोजच्या घडामोडी नीट देतं. यांतल्या बहुतेकांच्या इंग्रजी आवृत्त्या आहेत. त्यातली कुठलीही एक आणि एखाद्या पॅलेस्टिनी पत्रकाराचं लेखन शेजारी ठेवून वाचा, आणि प्रत्येक आकड्यामागे ‘कोणी सांगितलं’ हे पाहा: लष्कराच्या प्रवक्त्याने, गाझाच्या मंत्रालयाने, की जागेवर उभ्या असलेल्या वार्ताहराने.